किटलीची पिशवी

ग्रिम्स्बी. गुरुवार. चर्चच्या मागचा हॉल.
हीटर अजून तापायचाय.
विनिफ्रेड डब्यांवरच्या तारखा वाचतेय,
चष्मा कपाळावर विसरून.

मी विचारते, फॉर्मवर आहे म्हणून:
"घरात शेगडी चालते?"
मीटरमध्ये पैसे नाहीत, हे तो
हवापाण्याचं बोलावं तसं सांगतो.
"किटली आहे."

मग तांदूळ परत फळीवर. राजमा परत.
नूडल्स, कपातलं सूप,
उकळत्या पाण्यात फुगेल ते सगळं पिशवीत.
आणि तळाशी पीचचा एक डबा,
ओढून उघडायचा.

हे हात मी ओळखते.
गोदीवर, आईच्या शेजारच्या टेबलाशी
वर्षानुवर्षं हॅडॉकचे काटे काढायचे.
बाबा गेले त्या हिवाळ्यात
वर्तमानपत्रात गुंडाळलेला मासा
आमच्या पायरीवर असायचा शुक्रवारी,
बेल कुणी वाजवायचं नाही.

नाव विचारत नाही मी.
लिहून टाकते: क्लाइव्ह स्टेनफर्थ.
तो उलट्या बाजूने अक्षरं वाचतो,
टोपी नीट करतो.

दारापाशी मात्र थांबतो.
"खोकी उतरवायला माणूस लागतो का तुम्हाला?"

"आठला ये," आतून विनिफ्रेड,
"आणि हातमोजे आण. इथले फाटलेत."