खोली

सित्र्याच्या उथळ पाण्यात मी खोली मोजतो.
नावेच्या बगलेला यंत्र. ते खाली टकटक करतं,
तळ ओ देतो, मी आकडा उतरवून घेतो:
दोन पूर्णांक चार. एक पूर्णांक नऊ.
याला काय समुद्र म्हणायचं?
आमच्या अंजनवेलला सुकतीतही याहून जास्त पाणी असतं.

पण एवढ्याशा पाण्यात भरली वस्ती.
समुद्रगवत, गवतात कोळंबीची पिलं,
आणि एकदा तर, आईशप्पत, समुद्रगाय.
लठ्ठ, भाबडी, कुणाच्या तरी आत्यासारखी
श्वास घ्यायला वर आली
आणि आमच्याकडे बघतच राहिली.
कंपनीच्या नकाशात त्या चौकटीत लिहिलंय:
रिकामा तळ.

तिथून जवळच हज्जी मक्कीचा हद्रा.
बाणाच्या टोकासारखा रोवलेला, खजुराच्या दांड्यांचा,
आता थोडी तारेची जाळीही.
तो म्हणतो, मासा पकडावा लागत नाही,
भरतीबरोबर आपणहून आत येतो,
ओहोटीला त्याला दार सापडत नाही.
सांगून हसतो.
मी हसत नाही. मीही भरतीतच आलो,
दोन हजार सहाच्या, चिपळूणच्या एजंटाकडून.

मक्कीचा नातू जाफर.
घरांच्या यादीत त्याचं नाव चौदा वर्षं.
मध्यंतरी लग्न झालं, दोन पोरं झाली,
सगळे बापाच्या घरात एका खोलीत,
मध्ये पडदा, पडद्यावर हरणं.
आता इथे भराव पडणार, सहाशे घरं उठणार.
मक्की म्हणतो, हद्रा जाईल.
जाफर म्हणतो, खोली येईल.
शुक्रवारी दोघं एकाच ताटात जेवतात,
एका हामूरच्या दोन बाजूंनी,
आणि मधला काटा कुणी काढत नाही.

कुणाची बाजू घेऊ?
गावी घरामागच्या खाजणात
मीच तर सोळा ट्रक माती ओतली, इथल्याच पगाराची.
तिवरं तोडली. बायकोला अंगण हवं होतं,
मलाही हवं होतं, खोटं कशाला बोलू.
आता उधाणाचं पाणी विहिरीत शिरतं,
चहा मचूळ लागतो,
पाहुणे काही बोलत नाहीत.

तेव्हा शहाणपण सांगायला मला तोंड नाही.
माझ्याकडे फक्त आकडे.
कुरुविला साहेब म्हणाले, ओळ सरळ ठेव,
वाकडी ओळ महाग पडते.
मी तीन रात्री परत नाव काढली,
चौकटीमागून चौकट, बॅटरी दाताखाली धरून,
आणि जिथे गवत होतं तिथे गवत लिहिलं.
एवढंच. शौर्य वगैरे नाही.
साहेबांनी कागद बराच वेळ धरला,
चष्मा पुसला,
म्हणाले, तू झोपत नाहीस का रे?

ओळ वाकली. एकाच ठिकाणी, चाळीस मीटर.
गवत राहिलं, हद्र्याचा अर्धा पंख राहिला.
अडतीस घरं गळली.
यादीत जाफर कितवा,
मी विचारलं नाही.

कॅम्पात आम्ही सहाजण एका खोलीत.
कधी रात्री वाटतं, कुणी वरून यंत्र सोडून
हिची खोली मोजली तर काय आकडा येईल?

आज वळणाच्या आत यंत्र सोडलं:
दोन पूर्णांक चार. गढूळ, पण आहे.
वळणाबाहेर काही सोडायची गरज नाही.
वाळू. वाळूवर चुन्याच्या फक्क्या,
ही एवढी खोली, ती एवढी.
एका चौकोनात जाफर उभा होता,
चपला बाहेर काढून ठेवलेल्या,
फोन उंच धरून बायकोला दाखवत:
इथे खिडकी. इथून पाणी दिसेल.

तो चौकोन कुणाचा,
अजून ठरायचंय.