अर्धं नाव

हेडविगच्या स्वयंपाकघरात चुलीजवळ एक टोपली.
टोपलीपेक्षा कुत्री लांब,
म्हणून शेपटी कायम बाहेर, फरशीवर,
कुणाचा तरी पाय पडेल नेमकी अशी.
तिचं नाव डिस्टल, म्हणजे रानातलं काटेरी फूल.
केसही तसेच ताठ, रानडुकराच्या रंगाचे,
हनुवटीला दाढी, आणि भुवया
निवृत्त न्यायाधीशाच्या.

वेंडेलिन होता तेव्हा सांगायचा,
मिशीवरचा बिअरचा फेस पुसत:
ही देवाघरून अशी आलेली नाही.
आमच्या खापरपणज्यांनी, या स्पेसार्टच्या रानातल्या शिकाऱ्यांनी,
निवडून निवडून हिला घडवली,
बिळाच्या तोंडात बसेपर्यंत.
पाय आखूड, कारण बोगदा बुटका.
पंजे फावड्यांचे, कारण खाली आयती वाट नसते.
छातीचा भाता खोल, कारण हवा कमी.
आणि एवढ्याशा अंगात एवढा आवाज?
अरे, तो सहा हात मातीतून वर यायला हवा,
कुदळ घेऊन उभ्या माणसाला
कुठे खणायचं ते कळायला हवं.

डाक्स म्हणजे बॅजर, हुंड म्हणजे कुत्रा.
आणि हुंडदांड तर ती होतीच.
हाक मारली की यायची,
पण आधी विचार करून.
नाकासमोर चालणारी, अगदी शब्दशः,
फक्त नाक कुठे वळेल त्याची हमी नाही.
खाटकाच्या वासराएवढ्या कुत्र्याला ती
खालून वर बघून दम द्यायची,
आणि तो खरंच दुसऱ्या फुटपाथवर जायचा.
रात्री दुलईत, थेट पायथ्याशी.
तिच्या लेखी दुलई हेही बीळच.

एका ऑक्टोबरात ती दोन रात्री जमिनीखाली होती.
पहिल्या रात्री आवाज येत होता, दुसऱ्या रात्री नाही.
वेंडेलिन बीचच्या पाचोळ्यात कान लावून पडून राहिला,
बिळाशी काहीतरी बोलला.
काय ते त्याने कुणाला सांगितलं नाही.
हेडविगला माहीत आहे, ती कॉफी घेऊन मागे उभी होती.
तिसऱ्या सकाळी डिस्टल भलत्याच भोकातून बाहेर आली,
एक कान फाटलेला, दाढीत चिखल,
आणि त्याच्या पाठीमागे बसून
तो खणतोय ते बघत राहिली.

आता पाठीचे मणके गेलेत.
डॉक्टरांनी जिना बंद केलाय.
वेंडेलिन असता तर हसला असता:
कुत्र्याला कडेवर घेणारी माणसं त्याला कधी पटली नाहीत.
हेडविग एक हात छातीखाली, एक मागे घालून,
काठोकाठ भरलेली परात न्यावी
तशी तिला वर नेते, चौदा पायऱ्या,
सातव्या पायरीवर दोघींचा दम जुळेपर्यंत थांबून.

काल रात्री अंगणात प्लमच्या झाडाखाली
बॅजर आला होता.
पडलेली फळं मचमच खात होता, घाई नव्हती.
डिस्टल काचेच्या दाराशी. भुंकली नाही.
हेडविगने दिवा लावला नाही,
अनवाणी उभी राहिली.
अर्धं नाव आत, अर्धं नाव बाहेर,
मध्ये श्वासाने धुरकटलेली काच.

तो कुंपणाखालून गेला.
बराच वेळ गेला.
मग, नेहमीसारखा विचार करून झाल्यावर,
डिस्टल एकदाच भुंकली,
तो जुना, खोल, मातीतून यावा तसा आवाज.

हेडविगने नकळत
खाली जमिनीकडे पाहिलं.