जास्तीची ओळ

साल्तोच्या विमा कचेरीत ओदिला फेरेय्रा
गारपिटीचे पंचनामे लिहायची.
संत्र्याची झाडं : बत्तीस. फुटलेली कौलं : एकोणीस.
सही, शिक्का, तारीख.
बारा वर्षांत एक शब्द पदरचा नाही.

त्या मंगळवारी मात्र
तिच्या हातून एक ओळ जास्तीची गेली :
'गारा थांबल्यावर एक पिवळा कुत्रा आला,
त्यानं एक गार तोंडात धरली.'

साहेबांनी चष्मा वर सरकवला.
कुत्र्याचा विमा आहे?
नाही.
कुणाचा कुत्रा?
माहीत नाही.
तुम्ही पाहिलात?
ओदिला गप्प. मग, अगदी हळू : नाही.

साहेबांनी लाल रेघ मारली. बरोबरच होतं ते.
मी शेजारच्या टेबलावर होतो, मीही मारली असती.

पण सुटताना पाहिलं,
तो कागद तिनं चुरगळला नाही.
घडी घालून डब्यात ठेवला,
घरच्या मुक्या जिवासाठी हाड न्यावं तसा.

आता तिच्या नदीकडच्या खोलीत
रात्री उशिरापर्यंत दिवा असतो.
कुठवर आलं, मी विचारतो.
अडलंय, म्हणते. सहा पानं झाली,
कुत्रा अजून फाटकातच उभा.
आत कोण राहतं ते मला कळेना,
त्याला कळलंय, तर तो सांगेना.

काल आली ती डोळे तांबारलेले, बोटांना शाई.
पंचनामा लिहिता लिहिता मध्येच थांबली
आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली,
त्या घरातली बाई बहिरी आहे रे.
तिला दाखवायला आणलीय त्यानं गार.

वितळायच्या आत पोचायला हवं.