पासष्ट टक्के

दर मंगळवारी बोगदा ओलांडून मी कुनोयला जाते,
याल्ग्रीमच्या बोटाला चिमटा लावते.
नव्वद. बरा दिवस असला तर एक्क्याण्णव.
मी वहीत लिहीपर्यंत तो समुद्राकडे बघतो,
मग म्हणतो, "झालं तुझं? आता माझ्या बघू."

त्याच्या, म्हणजे बरण्या.
तळघरात, बटाट्यांच्या पोत्यांमागे,
जिथे ऊन कधी गेलंच नाही त्या भिंतीला लागून
एकशे अकरा.
जिना मी आधी उतरते,
तो मागून, माझ्या खांद्यावर हात टाकून,
बोटीवरून धक्क्यावर उतरावं तसा.

"बरणी उकळायची. पुसायची नाही.
फडक्यात घरातले सगळे वास असतात,
उलटी ठेव, तिची ती वाळेल."
चिमूटभर पान घेतो, दाबतो, सोडतो.
चटकन उसळलं तर कोरडं,
गोळाच राहिला तर ओलं.
झोपेतून उठणाऱ्या माणसासारखं हळू उलगडलं
की भरायचं,
वर बोटभर हवा ठेवून.
"एकदाच श्वास द्यायचा तिला. तेवढ्यावर ती वीस वर्षं काढते."
मी काही बोलत नाही.
माझ्या पिशवीत त्याच्या ऑक्सिजनचे कागद असतात.

परसात फटीफटींच्या लाकडी खोलीत
मेंढीच्या तंगड्या टांगलेल्या.
नाताळपर्यंत वारा त्यांना मुरवतो,
वास असा, की परका माणूस दारातूनच परत फिरेल.
"मांसाला वारा लागतो, हिला चालत नाही.
एवढं कळायला मला दोन हिवाळे गेले."
पहिल्या हिवाळ्यात, बापाचं ऐकून,
सफरचंदाची फोड टाकली होती बरणीत, ओल राहावी म्हणून.
मार्चमध्ये झाकण काढलं तर हिरवी लव.
बटाट्याच्या वाफ्यात पुरली सगळी.
"बटाट्यांनी तक्रार केली नाही," म्हणतो.

चिठ्ठ्यांवर त्याचं तिरकं अक्षर:
२००३, ईशान्येचा वारा, रेडिओ बंद.
२०११, गुडघा.
धुरावर वाळवलेली काळी पुढच्या फळीवर,
तिचा धूर वर्षांनी विरतो, ती आधी ओढायची.
चेरीचा वास मारलेली एक बरणी पाहुण्यांसाठी.
पाहुणे येत नाहीत, ती तशीच आहे.
पिवळी, गोड पानं सगळ्यात मागे.
"ती थांबली की शहाणी होते."

मी एकदा हिशेब केला:
महिन्याला एक धरली तर नऊ वर्षं आणि तीन महिने.
तो त्र्याऐंशीचा.
"आणि डॉक्टरांच्या हिशेबाने?" त्याने विचारलं.
कधीच संपणार नाहीत, म्हणाले.
त्यावर तो इतका हसला
की चिमटा पुन्हा लावावा लागला.

गेल्या मंगळवारी २००३ उघडली.
झाकणाने एक छोटा सुस्कारा सोडला,
आणि पानांवर पांढरे ठिपके.
याल्ग्रीम पोत्यावर बसला.
काहीच म्हणाला नाही. झाकण मांडीवर धरून बसला फक्त.
त्याची नजर आता जवळचं धरत नाही.
घसा बघायची माझी विजेरी मी बरणीत धरली,
त्यानेच शिकवलेलं आठवून:
बुरशीला केस असतात.
याला नव्हते. हे चमकत होतं.
"साखर आहे," मी म्हटलं.
"पुन्हा बघ."
पुन्हा बघितलं. साखरच.
पानातून बाहेर येऊन, अंधारात, कुणाला न सांगता
खडे धरून बसलेली.

त्याने ओढली की नाही ते मी वहीत लिहिलेलं नाही.

निघताना नवी बरणी भरली.
हात कापतो म्हणून चिठ्ठी मला लिहायला लावली.
तारीख लिहिली. वारा? नैर्ऋत्येचा, मवाळ.
"उघडायची कधी, लिहू?"
"दहा वर्षांनी. त्याआधी हात लावायचा नाही म्हणावं."
कुणाला म्हणावं, ते मी विचारलं नाही.

बोगद्याच्या तोंडाशी गाडी थांबवली,
समोरून ट्रक येत होता.
वही उघडली तर त्याच्या रकान्यात
माझ्या अक्षरात पासष्ट.
बरणीतल्या तबकडीचा आकडा, ओल मोजायच्या.
खोडून नव्वद लिहिलं.
कागदाला गवताचा वास येत होता,
वाळलेल्या, जुन्या.
ट्रक गेला तरी मी थोडा वेळ
काच खाली केली नाही.