वाटणारीची साक्ष

उद्यमनगरच्या कोपऱ्यावर फ्लेक्स लागलाय,
हातात कप घेतलेला दिग्विजय मगदूम
आणि खाली शुभेच्छुकांची सतरा डोकी.
त्याच्या सावलीत, लेथच्या खरखरीत,
चहाच्या टपरीवर चौघं भांडताहेत,
मगदूम मोठा, की नाही.

एकजण बोटांवर मोजतो,
गोव्यात चार, दिल्लीकडं दोन, परदेशात एक.
'सात किताब गा! आणि काय पाहिजे तुला?'
'किताब कुस्तीत. पत्त्यात नुसतं नशीब.'
'सातदा नशीब? मग तू एकदा लावून दाव की.'
तिसऱ्याचं बिस्कीट चहात तुटतं,
तो कपात बघत बसतो.

मला कोण विचारणार?
मी शेजारी झेरॉक्स काढते,
सातबारा, आधार, शाळा सोडल्याचे दाखले.
त्याआधी सहा वर्षं मांडवीच्या पाण्यावर
हिरव्या टेबलामागं बसून
मी ह्या माणसाला पत्ते वाटलेत.

माणूस मला कळायचा
तो पत्ते टाकून दिल्यावर,
उरलेल्या दोघांचा डाव रंगलेला असताना.
कुणी चिप्स खुळखुळवायचं,
कुणी माझ्या नखांवर काहीतरी बोलायचं,
एकानं तर हरलेले पत्ते माझ्या तोंडावर भिरकावले होते,
त्याचे किताब अकरा.
मगदूम फोन पालथा ठेवून बघत राहायचा,
दुसऱ्याच्या घरचं लग्न बघावं तसा.

एका अंतिम फेरीत समोर
इचलकरंजीचे एक सूतवाले, सत्तरीचे, हात कापरा.
शेवटचा पत्ता पडला. मगदूमनं आपले दोन उघडले.
म्हातारा हसला, 'गेलो बघा,' म्हणाला,
आणि आपले पालथेच माझ्याकडं सरकवू लागला.
मला बोलायची मुभा नसते.
मगदूमनं तळहात आडवा धरला.
'काका, उताणे करा. मला बघू द्या.'
बदामाचे पाच होते म्हाताऱ्याकडं,
त्यानं चारच मोजलेले.
ढीग मी पलीकडं सारला.
तो आठवा किताब तिथंच गेला,
आणि तो कुणाच्या बोटावर येत नाही.

आता दुसरं पण सांगते,
नाहीतर साक्ष अर्धी राहील.

रोखीच्या टेबलावर गडहिंग्लजचं एक पोरगं आलं,
प्लॉट विकल्याचे पैसे, डोळे तारवटलेले.
मगदूम उठला आणि खुर्ची बदलून
त्याच्या डाव्या हाताला जाऊन बसला.
जाणकारांना कळेल ते का.
घरची चौकशी केली, आईचं औषधपाणी विचारलं,
गूळ ढवळावा तसा सावकाश, गोड,
पहाटे चारपर्यंत सगळा प्लॉट काढून घेतला.
एक नियम मोडला नाही.
आवाज चढवला नाही.
पोराला एसटीचे पैसे दिले, वर खांद्यावर हात.
आणि उठताना माझ्याकडं
एक जाड चिप सारली, 'ताई, दमला असाल.'

घेतली मी.
हे झेरॉक्सचं यंत्र त्यातनंच आलंय.
झाकणाखालचा उजेड इकडून तिकडं सरकतो
तेव्हा कधीकधी ते पोरगं आठवतं,
कधीकधी म्हातारा.
बऱ्याचदा कुणीच नाही, गिऱ्हाईक असतं.

'ओ ताई,' चौथा हाक मारतो,
'तुम्ही गोव्याला होता न्हवं? बघितलाय काय त्याला?'
'बघितलाय.'
'मग? माणूस मोठा?'

टेबलावरून उठताना आम्हाला शिकवलेलं,
टाळी वाजवायची, दोन्ही तळवे उलटून दाखवायचे,
वरच्या कॅमेऱ्याला कळावं
की आपण काही घेऊन चाललो नाही.
हात आपोआप तसेच होतात,
टोनरनं काळी झालेली बोटं, मागून, पुढून.

'त्यांना बी ठावं न्हाई,' चौथा सांगतो.
चहावाला पुन्हा चार कप भरतो.