खालचा लिव्हर

अंबडच्या शेडमागे सकाळी सात वाजता
थंडी अजून पत्र्यावर बसलेली असते.
तीन नंबरची लिफ्ट चार्जिंगवरून काढायची,
वायर गुंडाळायची, आणि मग
आधी खाली वाकायचं.

गांगुर्डेकाकांनी मला काही शिकवलं असं नाही.
पहिल्या दिवशी संध्याकाळी त्यांनी यंत्राखाली
त्या दिवसाचा पेपर अंथरला
आणि म्हणाले, सकाळी वाच.
सकाळी राशिभविष्यावर तेलाचा थेंब होता,
नेमका कन्या राशीवर, दहा पैशाएवढा.
माझी रास मेष.
तरी होज बदलून घेतला.

टायरात खिळा, पिनेत खुंटी, फाटकाची कडी.
वेल्डिंगवरून नख फिरवायचं:
रंग उडाला असेल तिथे ते घसरतं,
चीर असेल तिथे अडकतं.
नखाचं फॉर्मवर काही लिहिलेलं नाही.

फॉर्मवर बावीस चौकटी.
दुसऱ्या शिफ्टचा हेमराज सोमवारीच
शनिवारपर्यंतच्या खुणा करून टाकतो,
एका पेनने, एका दमात,
पेरणीच्या तासासारख्या सरळ.
माझ्या वाकड्या येतात.
हातमोजा काढला की डिसेंबरात
बोटं माझी राहत नाहीत.

एकोणिसावी चौकट:
वरचा माणूस खालून उतरवता येतो का?
काका वर जातात, दीड पुरुष, दोन पुरुष.
पट्ट्याचा हूक कड्यात पडल्याचा आवाज
मी आधीच ऐकून घेतलेला असतो.
मग ते लाल बटण दाबतात, यंत्र गप्प होतं,
आणि मी खालचा लिव्हर ओढते.
काका खाली येतात,
मांजर शिडीवरून उतरतं तसे,
मागचे पाय आधी, जरा नाराज.

मागच्या बुधवारी लिव्हर ओढला
आणि काका आले नाहीत.

पुन्हा ओढला. दोन्ही हातांनी ओढला.
वरून ते म्हणाले, राहू दे,
बटण सोडलं, आणि स्वतःच उतरले, सुरळीत.
बोराडेशेठ म्हणाले,
वर जातंय, खाली येतंय, मग अडलंय कुठं?
अकरा मीटरवर पॅनेल लावायचे होते,
क्रेनवाला ताटकळत होता,
सातपूर आयटीआयची एक पोरगी
लाल पाटी हातात घेऊन उभी होती.

मी पाटी बांधली.
एकोणिसाव्या चौकटीत फुली मारली,
ती तेवढी सरळ आली.
काका काही बोलले नाहीत.
दिवसभर उलट्या क्रेटवर बसून त्यांनी पेरू खाल्ले,
आणि लिफ्टची चावी खिशात घालून
सिडकोच्या बसने घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने आतली तार काढली,
गंजून तुटलेली, वीतभर.
शेठनी ती बघितली नाही.
पगारातून अर्धा दिवस कापला, दोघांचाही.

आज पेपर कोरडा होता.
मेष राशीला प्रवासाचा योग.
काकांनी पट्टा काढून माझ्या खांद्यावर टाकला,
बकल दोनदा ओढून बघितलं.
आज तू वर जा, म्हणाले,
खाली मी थांबतो.