जिरावन

मोज्यात मोजा, त्यात जिरावनची पुडी.
कॅन्कूनच्या विमानतळावर गणवेशातल्या पोरीनं ती हुंगली,
दोनदा शिंकली, आणि हसून बॅग पुढे ढकलली.
आमची ओळख झाली ती अशी.

तिकिटं शर्वरीनं पाठवलेली. डॅलसहून म्हणाली,
आई, एकदा समुद्र बघा.
आम्ही पाणी म्हणून काय बघितलेलं?
बिलावलीचा तलाव,
मे महिन्यात तर त्याच्या मधोमध म्हशी चालत जातात.

इथला समुद्र निळा, पण काठाला शेवाळ्याचे ढीग,
आणि सकाळी सकाळी कुजकट वास.
फोटोत तो वास येत नाही.

आठ दिवस एकच मंत्र जपला: सिन कार्ने.
मांस नको.
वेटर मान डोलवी, भात आणी, भातात कोंबडी.
"हे पोयो," तो मला समजावी, "कार्ने नव्हे."
काळा राजमा मागितला, तर तो चरबीत परतलेला.
चौथ्या दिवशी मी फळांवर आले:
पेरू, पपई, आणि एक चिकू, आमच्या मागच्या अंगणातल्यासारखा,
जणू माझ्याआधीच येऊन बसलेला.
आवोकादोचा लगदा अगदी अळणी, आजारपणातल्या पेजेसारखा.
मी पुडी उघडली, चिमूटभर भुरभुरलं.
वेटरनं बोट लावलं, चाटलं,
मग आचाऱ्याला हाक मारली.
अर्धी पुडी तिथेच राहिली.

मोठ्या पायऱ्यांच्या देवळावर चढायला आता बंदी आहे.
खाली उभं राहून टाळी वाजवायची,
दगडांतून पक्षी ओरडतो.
मी आरतीसारखी वाजवत सुटले. हे म्हणाले, पुरे, लोक बघतायत.
गाइडचं आडनाव चान, आजी अजून मायाच बोलते म्हणाला.
देवांनी आधी मातीची माणसं केली, ती विरघळली.
लाकडाची केली, त्यांना काळीज नव्हतं.
शेवटी मका दळला, पीठ मळलं, आणि आपण झालो.
सगळे फोटो काढत होते.
मला मात्र घाम फुटला:
म्हणजे चाळीस वर्षं सराफ्यात
मी कोणाला खात आले?

त्याच संध्याकाळी नारळांच्या मागे एक गाडी होती.
हे पाठमोरे उभे, हातात कागदी बशी,
कॉलेजातला मुलगा सिगरेट लपवतो तसे.
मासा होता.
वारा माझ्याकडेच येत होता.
मी वळून समुद्राकडे बघत बसले,
शेवाळ्याचा वास आवडल्यासारखी.
परत आले तेव्हा मिशीत लिंबाची बी.
"मका खाल्ला," म्हणाले, मी न विचारताच.
मी म्हटलं, छान.

आज रात्री साडेअकरा.
सोन्याच्या दुकानांची शटरं खाली,
त्यांच्याच ओट्यावर आम्ही पाचजण, पत्रावळीच्या द्रोणांसह.
कढईत कीस रटरटतोय, दूध आटतंय,
भय्याचं मनगट कणसावर खाली-वर.
गाडीवरच्या त्या बाईचंही मनगट असंच चालत असेल.
कुंदावन्सं खोदून खोदून विचारतात,
"पण वहिनी, आठ दिवस तुम्ही दोघं जगलात कशावर?
एखादी अंड्याची करंजी तरी गेली असेल पोटात?"
हे एकदम द्रोणाच्या तळाशी बघायला लागतात.
सत्तरीला आलेला माणूस,
बँकेत बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या तपासलेला,
त्याला एवढंही खोटं नीट बोलता येत नाही.
मी म्हणते, "मक्यावर.
दोघंही मक्यावर."

आणि ते माझ्याकडे न बघता
माझ्या किसावर लिंबू पिळतात.
एक बी पडते, पांढरी.
मी ती चमच्यानं उचलते,
ओट्याच्या कडेला ठेवते,
आणि वर थोडं जिरावन मागून घेते.